अळीमिळी गुपचिळी: ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’मधली गुपितं, नाती आणि रुग्णालयाचे नियम

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ ही अमेरिकी मालिका 27 मार्च 2005 रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाली. कथा सिअ‍ॅटलमधल्या एका काल्पनिक रुग्णालयाची. पहिल्याच भागात नायिका मेरेडिथ ग्रेच्या पदरात दोन गुपितं पडतात. आदल्या रात्री भेटलेला अनोळखी माणूस याच रुग्णालयातला वरिष्ठ न्यूरोसर्जन डेरेक शेपर्ड निघतो, हे एक. दुसरं अधिक जड आहे. एलिस ग्रे या नामवंत सर्जनची मुलगी म्हणून सगळे तिच्याकडे कौतुकाने बघतात, पण तीच एलिस अल्झायमर होऊन शुश्रूषागृहात आहे आणि हे कोणाला कळू नये अशी तिची इच्छा आहे. वीसहून अधिक सीझन आणि चारशेहून अधिक भाग होऊनही मालिकेचा गाभा बराचसा तोच राहिला आहे: कोणाला काय ठाऊक आहे, आणि ज्याला ठाऊक आहे तो कोणाचा कोण लागतो. (कथेतली वळणं पुढे उघडी केली आहेत. मालिका बघायची राहिली असेल तर आधी ती बघा.)

हा धागा नीट पकडायचा तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या मालिकेत दुसऱ्याचं गुपित पोटात घालणं ही नात्याची पावती आहे. जो तोंड बंद ठेवतो तो घरचा, आणि बोलतो तो परका. बिल मात्र बहुतेक वेळा तिसऱ्याच माणसाच्या नावाने फाटतं, आणि तो तिसरा माणूस अनेकदा रुग्ण असतो.

गुपित कोणाच्या मालकीचं?

मालिका ‘गुपित’ म्हणून जे दाखवते त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. रुग्णाने डॉक्टरला सांगितलेली गोष्ट ही पहिली. तिची मालकी रुग्णाची असते आणि ती जपणं हे डॉक्टरचं कायदेशीर कर्तव्य आहे. डॉक्टर स्वतःबद्दल जे लपवतो, म्हणजे आजार, व्यसन, चूक, ती दुसरी. तिला असं संरक्षण नाही, कारण रुग्णाच्या जिवाशी तिचा संबंध असू शकतो. तिसरी घराण्याची: कोण कोणाचं मूल, कोणी कोणाला सोडलं. ही सगळ्यात अवघड, कारण तिचे मालक एकाहून जास्त असतात.

पहिल्या प्रकाराला अमेरिकेत 1996 च्या हिपा कायद्याचा आधार आहे. त्याखालचे गोपनीयतेचे नियम पाळणं बहुतेक रुग्णालयांना एप्रिल 2003 पासून बंधनकारक झालं. म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा हे नियम जेमतेम दोन वर्षं जुने होते. त्यांबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो, की डॉक्टर नातेवाइकांना काहीच सांगू शकत नाही. तसं नाही. उपचारात गुंतलेल्या नातेवाइकाला, रुग्णाची हरकत नसेल तर, गरजेपुरतं सांगता येतं. रुग्ण बेशुद्ध असेल तर त्याच्या हिताचं काय, हे डॉक्टर आपल्या व्यावसायिक समजुतीने ठरवू शकतो. उलट मालिकेत जे अगदी सहज चालतं ते मात्र सरळ उल्लंघन आहे: उपचारांशी काडीचा संबंध नसताना सहकाऱ्याची फाइल उघडून बघणं. खऱ्या रुग्णालयात संगणकावरची नोंद कोणी, कधी उघडली याचा माग राहतो आणि त्यावरून नोकऱ्या जातात. लिफ्टमधल्या गप्पांचं तर बोलायलाच नको.

या कायद्याची धार तिसऱ्या सीझनमधल्या ओमॅली कुटुंबाच्या कथेत छान दिसते. इंटर्न जॉर्जचे वडील हॅरॉल्ड यांना अन्ननलिकेचा कर्करोग आहे. पोट उघडल्यावर रोग पसरलेला दिसला तर काही न काढता टाके घालायचे, असं कुटुंबाच्या समजुतीने ठरलेलं असतं. पण हॅरॉल्ड चीफ (शल्यविभागाचे प्रमुख) रिचर्ड वेबर आणि डॉक्टर मिरांडा बेली यांना वेगळंच सांगून ठेवतात: काहीही दिसलं तरी गाठ काढा, आणि घरी बोलू नका. डॉक्टर तसंच करतात. शरीराला ती शस्त्रक्रिया झेपत नाही, एकेक अवयव निकामी होत जातो आणि हॅरॉल्ड जातात. जॉर्ज बेलीवर संतापतो. नियमाने बघितलं तर बेलीचं चुकलेलं नाही. संमती रुग्णाची, गुपितही रुग्णाचं. जॉर्ज त्या रुग्णालयात डॉक्टर असला तरी या खाटेपाशी तो फक्त मुलगा होता, आणि मुलाला वडिलांची संमती वाचण्याचा वेगळा अधिकार नसतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची आचारसंहिता डॉक्टरांनी जवळच्या नातेवाइकांवर उपचार करू नयेत असं सांगते, त्यामागे हीच गोची आहे. घरच्या माणसाला रुग्ण मोकळेपणाने प्रश्न विचारत नाही, आणि घरचा डॉक्टर नको ते प्रश्न विचारायचं टाळतो. मालिकेने हा संकेत शेकडो वेळा मोडला आहे. तो पाळला असता तर अर्ध्या कथा उरल्या नसत्या, हेही खरं.

थरथरणारा हात

डॉक्टरच्या स्वतःच्या गुपिताचं सर्वांत नेटकं उदाहरण प्रेस्टन बर्कचं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याला गोळी लागते, हात वाचतो, पण कंप राहतो. हृदयावर टाके घालणाऱ्या सर्जनला हे परवडणारं नाही. त्याची प्रेयसी क्रिस्टिना यांग, जी अजून शिकाऊ आहे, शेजारी उभी राहून अवघड भाग स्वतः करते आणि दोघं मिळून ते झाकतात.

इथे धोका फक्त हाताचा नाही. ऑपरेशन थिएटरमधली सुरक्षितता प्रत्येकाला प्रत्येकाची खरी क्षमता माहीत असण्यावर उभी असते. भूल देणारा डॉक्टर, परिचारिका, मदतनीस सर्जन हे सगळे मुख्य सर्जन ठीक आहे असं गृहीत धरून आपापली तयारी करतात. रक्तस्राव सुरू झाला आणि नेमक्या त्या क्षणी हात थरथरला, तर पर्यायी सर्जन बोलावून ठेवलेला नसतो, कारण तो लागेल हे कोणाला ठाऊकच नसतं. शिवाय रुग्णाने सही बर्कच्या हातासाठी केलेली असते. त्यामुळे ती संमतीही पोकळ ठरते.

गुपित फुटण्याची वाटही लेखकांनी हुशारीने निवडली आहे. कर्करोगाच्या त्या शस्त्रक्रियेआधी जॉर्जच्या वडिलांच्या हृदयाची झडप बदलायची असते. जॉर्जला बर्कच्या हाताची कुणकुण लागते आणि तो दुसऱ्या रुग्णालयातल्या एरिका हानला बोलावतो. सहकाऱ्याला पाठीशी घालणं इतर वेळी जमून जातं, पण टेबलावर आपला बाप आला की माणूस हिशेब मांडतो. पुढे क्रिस्टिना चीफकडे जाऊन कबुली देते, आणि त्यानंतर बर्क कित्येक दिवस तिच्याशी बोलत नाही. पावतीचा नियम इथे पहिल्यांदा पूर्ण दिसतो. तिने योग्य केलं म्हणून ती परकी झाली.

एलव्हॅडची वायर

मे 2006 मधला दुसऱ्या सीझनचा शेवट लोकांच्या लक्षात प्रेमकथा म्हणून राहिला आहे. त्यातली यंत्रणा समजली की तो बराच अस्वस्थ करतो.

डेनी डुकेट हृदयाच्या प्रतीक्षेत आहे. त्याच्या डाव्या जवनिकेला, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याला, एलव्हॅड हा पंप जोडलेला आहे. हा पंप जवनिकेतलं रक्त ओढून महाधमनीत ढकलतो, आणि त्याची वायर त्वचेतून बाहेर येऊन बॅटरी व नियंत्रकाला जोडलेली असते. एक दाता मिळतो, पण त्याच रक्तगटाचा, तितकाच निकडीचा दुसरा रुग्ण यादीत डेनीच्या 17 सेकंद आधी नोंदलेला असतो. अमेरिकेत हृदयाच्या यादीत त्या काळी निकडीनुसार 1ए, 1बी आणि 2 असे टप्पे होते. (2018 पासून सहा टप्पे आहेत.) एकाच टप्प्यावर, एकाच भागात दोन रुग्ण असले तर किती काळ वाट पाहिली ते बघतात, म्हणून सेकंदांना किंमत आली. डेनीला पुढे सरकवायचा एकच मार्ग उरतो: त्याची प्रकृती त्या दुसऱ्याहून वाईट असायला हवी. इंटर्न इझी स्टीव्हन्स, जी त्याच्या प्रेमात आहे, एलव्हॅडची वायर कापते.

वायर कापल्यावर नेमकं काय होतं? पंप थांबतो. थकलेल्या जवनिकेवर पूर्ण भार येतो, रक्तदाब कोसळतो, फुफ्फुसात पाणी साठू लागतं. थांबलेल्या पंपात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूकडे जाऊ शकते. बंद पंपातून रक्त उलटही वाहू शकतं. दात्याच्या शरीरातून काढलेलं हृदय बर्फात साधारण चार तास टिकतं, तेव्हा हे सगळं त्या खिडकीत सांभाळायचं. इझीला हे एकटीला झेपत नाही. मग क्रिस्टिना, जॉर्ज, मेरेडिथ असे एकेक जण खोलीत ओढले जातात. कोणी कट रचायला आलेलं नसतं. प्रत्येक जण ‘आता रुग्ण मरता कामा नये’ एवढ्यासाठी हात लावतो, आणि हात लावला की भागीदार होतो. गुपितं वाढतात ती अशीच. मालिकेने इथे माणूस अचूक ओळखला आहे.

डेनीला हृदय मिळतं. पण लवकरच तो गुठळीने जातो. चीफ इंटर्न्सना एकेक करून विचारतात, वायर कोणी कापली. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. शेवटी इझी स्वतः सांगते आणि राजीनामा देते. त्या मौनाला मालिका कौतुकाचा प्रकाश देते: बघा, ही पोरं एकमेकांसाठी उभी राहिली, आता हे कुटुंब झालं. 17 सेकंदांनी पुढे असलेल्या त्या माणसाला मात्र पटकथेत फार थोडी जागा आहे. त्याने वाट बघितली, नियम पाळला आणि हृदय गमावलं. अवयवांची यादी चालते ती डॉक्टर आपल्या रुग्णाची प्रकृती खरी कळवतात या एकाच भरवशावर. एका रुग्णालयाने आकडे फुगवले, तर दुसरंही फुगवतं, आणि मग खरोखर मरणाच्या दारात असलेला रुग्ण कोण हे कोणालाच ओळखता येत नाही.

रक्त बोलतं तेव्हा

घराण्याच्या गुपितांत एलिसचं गुपित सर्वांत लांब पल्ल्याचं. एलिस विवाहित असताना तिचं आणि रिचर्डचं प्रेमप्रकरण होतं. रिचर्ड पत्नी अडेलला सोडत नाही, एलिस मनगट कापून घेते, आणि पाच वर्षांची मेरेडिथ ते बघते. नंतर एलिस मुलीला घेऊन बॉस्टनला जाते आणि गुपचूप आणखी एका मुलीला जन्म देऊन तिला दत्तक देते. ती मुलगी, मॅगी पियर्स, थेट मे 2014 मध्ये दहाव्या सीझनच्या शेवटी हृदयशल्यविशारद होऊन त्याच रुग्णालयात येते आणि आपली जन्मदात्री एलिस ग्रे होती असं रिचर्डला सांगून टाकते. समोर आपला बाप उभा आहे हे तिला ठाऊक नसतं, आणि रिचर्डला आपल्याला मुलगी आहे हे.

त्याआधी, चौथ्या सीझनपासून, लेक्सी आलेली असते. ती मेरेडिथच्या वडिलांच्या, म्हणजे थॅचरच्या, दुसऱ्या संसारातली मुलगी. म्हणजे मेरेडिथला दोन्ही बाजूंनी सावत्र बहिणी: लेक्सी बापाकडून, मॅगी आईकडून. लेक्सी आणि मॅगी यांच्यात रक्ताचं नातं अजिबात नाही. हा तपशील किचकट वाटतो, पण वैद्यकीयदृष्ट्या सगळं त्यावरच फिरतं.

एलिसचा अल्झायमर लवकरच्या वयातला, म्हणजे 65 च्या आत सुरू झालेला. अशा रुग्णांपैकी थोड्यांमध्ये एपीपी, प्रेसेनिलिन 1 किंवा प्रेसेनिलिन 2 या जनुकांपैकी एकात बदल असतो. तो बदल एका पालकाकडून आला तरी पुरतो, त्यामुळे प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के. याहून बराच जास्त आढळणारा एपीओई-ई4 हा प्रकार फक्त धोका वाढवतो, त्यावरून आजार होणारच असं म्हणता येत नाही. पुढे मेरेडिथ जनुकचाचणी करून घेते, तेव्हा अहवाल वाचण्यात हा फरक निर्णायक असतो. पटकथा तो घाईत उरकते.

आता मॅगीच्या बाजूने बघा. दत्तक गेलेली मुलगी आयुष्यभर प्रत्येक डॉक्टरच्या अर्जावर ‘कौटुंबिक इतिहास: माहीत नाही’ असं लिहिते. तिच्या जन्मदात्रीला लवकरचा अल्झायमर होता, ही तिच्या स्वतःच्या शरीराची बातमी आहे. लेक्सीला त्या बातमीचा वैद्यकीय उपयोग शून्य. एलिसच्या प्रतिष्ठेसाठी झाकलेली मूठ मॅगीच्या आरोग्यावर बंद होती. अमेरिकी न्यायालयांसमोर हा पेच आलेला आहे. फ्लोरिडात 1995 मध्ये न्यायालयाने म्हटलं की आनुवंशिक धोक्याबद्दल डॉक्टरने रुग्णाला सावध केलं की पुरे, घरच्यांना सांगणं रुग्णाने बघावं. न्यू जर्सीतल्या न्यायालयाने 1996 मध्ये त्याहून पुढे जाऊन डॉक्टरवर नातेवाइकांबाबतही जबाबदारी येऊ शकते असं मत दिलं. हिपाचं संरक्षण तर मृत्यूनंतरही 50 वर्षं टिकतं. आणि चाचणी करून घ्यायला लोक कचरतात त्यालाही व्यवहारी कारण आहे. 2008 चा जिना कायदा जनुकांवरून आरोग्य विमा किंवा नोकरी नाकारू देत नाही, पण आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्याच्या कक्षेबाहेर आहेत. अल्झायमरमध्ये लागतो तो नेमका शेवटचा.

सहाव्या सीझनमध्ये थॅचरचं यकृत निकामी होतं, लेक्सीचं जुळत नाही, आणि ज्या बापाने ओळख टाकली त्याला मेरेडिथ यकृताचा भाग देते. मोठ्या माणसाला देताना बहुधा उजवा खंड काढतात, म्हणजे यकृताचा साधारण 60 टक्के भाग. उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून बराचसा भरून निघतो. यकृतासाठी रक्ताचं नातं लागत नाही. रक्तगट चालायला हवा, आकार पुरायला हवा, दात्याच्या यकृतात चरबी फार नको. मालिकेने सोडून दिलेली एक खरी तरतूद इथे सांगण्याजोगी आहे. दात्यासाठी रुग्णालयाला स्वतंत्र प्रतिनिधी नेमावा लागतो. त्याचा रुग्णाच्या उपचारांशी संबंध नसतो. तो दात्याला एकांतात विचारतो, की खरंच द्यायचं आहे ना? दाता नको म्हणाला तर कुटुंबाला फक्त ‘दाता योग्य ठरला नाही’ एवढंच कळवतात. कारण सांगत नाहीत. म्हणजे नात्याचा दबाव झेलता यावा म्हणून रुग्णालय स्वतःच एक गुपित राखतं. इतकी नाट्यमय गोष्ट हाताशी असून लेखकांनी ती वापरली नाही, याचं नवल वाटतं.

दात्याच्या निवडीपूर्वीच्या या चाचण्यांत घराण्याची इतर लक्तरंही बाहेर येतात. रक्तगट एबी असलेल्या पालकाचं मूल ओ गटाचं निघालं, तर काही अत्यंत दुर्मीळ अपवाद वगळता जैविक नातं नाही. किडनीसाठी ऊतींची जुळणी करताना बापलेकांत एकही अर्धा संच (मुलाला प्रत्येक पालकाकडून तो एकेक मिळतो) जुळला नाही तर तेच. म्हणून असं काही निघालं तर सांगायचं की नाही, हे चाचणीपूर्वीच्या समुपदेशनात विचारून ठेवणं शहाणपणाचं.

कागदावरचं घर

सातव्या सीझनमध्ये रुग्णालयातलीच डॉक्टर कॅली टॉरेस अपघातात गंभीर जखमी होते. ती गरोदर आहे. तिची जोडीदार अ‍ॅरिझोना शेजारी उभी असते, पण बाळाचा बाप मार्क स्लोन, आणि अ‍ॅरिझोनाचा शब्द कागदोपत्री कुठेच बसत नाही. हा भाग 2011 चा. वॉशिंग्टन राज्यात समलिंगी विवाह डिसेंबर 2012 मध्ये कायदेशीर झाले. नोंदणीकृत जोडीदारांना त्याआधीही हक्क होते, पण या दोघींनी नोंदणी केलेली नव्हती. रुग्णाला कोण भेटू शकतं आणि त्याच्या वतीने सही कोण करू शकतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यासाठी आधीच करून ठेवलेलं वैद्यकीय मुखत्यारपत्र लागतं, नाहीतर कायद्याने ठरवलेला क्रम लागू होतो: पती-पत्नी, सज्ञान मुलं, आईवडील, भावंडं. मैत्रीने आणि मौनाने बांधलेलं कुटुंब इथे क्षणात परकं ठरतं.

तोच साचा, पुन्हा पुन्हा

त्याच सातव्या सीझनमध्ये डेरेक अल्झायमरच्या औषधाची चाचणी चालवतो. रिचर्डची पत्नी अडेल त्यात असते आणि तिच्या वाट्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली मात्रा, येणार असतो. मेरेडिथ लिफाफ्यांची अदलाबदल करून तिला खरं औषध मिळवून देते. अशा चाचणीत कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही. माहीत असलं की डॉक्टर नकळत सुधारणा शोधू लागतो. एका लिफाफ्याने गणित फार बदलत नसेल, पण एक बदलला म्हणजे बाकीच्यांवरही विश्वास उरत नाही, आणि सगळी आकडेवारी बाद धरावी लागते. इतर रुग्णांनी मेंदूवर शस्त्रक्रियेचा धोका पत्करला होता, तो वाया गेला. अ‍ॅलेक्स कारेव्ह वाचा फोडतो आणि मित्रांत वाळीत पडतो. पुढे रिचर्ड दोष स्वतःवर घेऊन चीफपद सोडतो.

2019 मध्ये पंधराव्या सीझनच्या शेवटी मेरेडिथ विमा नसलेल्या एका मुलीच्या कागदांवर स्वतःच्या मुलीचं नाव घालते. मेरेडिथच्या या मुलीचं नाव एलिस, आजीवरून ठेवलेलं. या वेळी दोष तिचा प्रियकर डॉक्टर डेलुका अंगावर घेतो आणि तुरुंगात जातो. साचा तोच: आपलं वाटणारं माणूस, मोडलेला नियम, गप्प बसलेलं टोळकं, आणि कोणीतरी पुढे होऊन घेतलेला आळ. प्रेक्षक विमा कंपनीवर चिडतो, आणि ते रास्त आहे. पण त्यात एक वैद्यकीय गोंधळ उरतो ज्याकडे कथा बघत नाही. आता छोट्या एलिसच्या नोंदीत दुसऱ्याच मुलीचा आजार, रक्तगट, औषधांच्या मात्रा शिरल्या आहेत. उद्या ती बेशुद्धावस्थेत कुठे दाखल झाली, तर डॉक्टर ती नोंद खरी मानतील. अशा नोंदी दुरुस्त करणं खऱ्या आयुष्यात महिनोन् महिने चालतं, कारण चुकीचा कागद तोवर विमा कंपनी, प्रयोगशाळा आणि औषधांचं दुकान अशा सगळीकडे पोचलेला असतो.

गुपित कधी उघडायचं, याचं लेखकांचं तंत्रही जाता जाता बघण्यासारखं आहे. डेरेकची बायको अ‍ॅडिसन पहिल्या सीझनच्या शेवटच्या दृश्यात येते, तेव्हा प्रेक्षकालाही मेरेडिथइतकाच धक्का बसतो. बर्कचा हात आपल्याला आधीपासून माहीत असतो, म्हणून प्रत्येक शस्त्रक्रियेत श्वास रोखला जातो. दुसरी पद्धत अधिक कष्टाची आणि बहुधा अधिक टिकाऊ. मॅगीचं गुपित या दोन्हींत बसत नाही. ते दहा सीझननंतर मागाहून घातलेलं आहे. मग प्रश्न उरतो, की आई गरोदर होती हे पाच वर्षांच्या, इतक्या जागरूक मेरेडिथला दिसलं कसं नाही? मालिकेचं उत्तर: त्या आघाताबरोबर तिने ती आठवणही दाबून टाकली. इतक्या लहान वयातलं बरंचसं माणूस विसरतो, त्यामुळे ते अशक्य नाही, पण सोयीचं नक्कीच आहे. पहिल्या सीझनपासून पुन्हा बघायला बसलात तर एलिसच्या भरकटलेल्या बोलण्याकडे कान ठेवा. रिचर्डचं नाव त्यात वारंवार येतं, दत्तक दिलेल्या बाळाचा उल्लेख नाही.